टाचेजवळची जोडलेली हाडे: शस्त्रक्रिया कधी, कोणती आणि कशासाठी

बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा एकच घोटा वारंवार मुरगळतो, दरवेळी क्रेप बँडेज बांधले जाते, आठ-दहा दिवसांत दुखणे कमी होते आणि पुढे खेळताना पुन्हा तेच घडते. एक्स-रे काढला तर हाड मोडलेले नसते, त्यामुळे घरचे निश्चिंत होतात. अशा काही मुलांच्या बाबतीत मूळ दोष घोट्यात नसतोच; तो घोट्याच्या खाली, पावलाच्या मागच्या भागात असतो. तिथली जी दोन हाडे एकमेकांवर मोकळेपणाने सरकायला हवीत, ती जन्मापासूनच एकमेकांना जोडलेली असतात. या विकाराला वैद्यकात टार्सल कोॲलिशन म्हणतात. त्यावर शस्त्रक्रिया करता येते आणि योग्य रुग्णाला तिचा चांगला उपयोगही होतो. मात्र जोड कापून टाकला की काम झाले, इतके हे प्रकरण सरळ नाही. दुखणे जोडामुळे आहे, पावलाच्या बिघडलेल्या ठेवणीमुळे आहे की झिजलेल्या सांध्यामुळे आहे, हे आधी ठरवावे लागते, आणि कोणती शस्त्रक्रिया करायची ते त्यावरूनच ठरते.

पावलाच्या मागच्या आणि मधल्या भागात मिळून सात लहान-मोठी हाडे असतात. त्यांपैकी तीन हाडांची ओळख इथे पुरेशी आहे. सर्वांत खाली, जमिनीवर टेकणारे टाचेचे हाड म्हणजे कॅल्केनियस. त्याच्यावर बसलेले आणि वर घोट्याच्या खोबणीत शिरलेले हाड म्हणजे टॅलस. टॅलसच्या पुढे, पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या माथ्याशी असते ते नॅव्हिक्युलर. घोट्याचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा मुख्यतः एकाच पातळीत हलतो, म्हणजे पाऊल वर उचलतो आणि खाली नेतो. पाऊल आत किंवा बाहेर कलते ते त्याच्या खालच्या, टॅलस आणि कॅल्केनियस यांच्यामधल्या सबटॅलर सांध्यामुळे. खडबडीत वाटेवर, उतारावर किंवा वाळूत चालताना जमिनीचा चढउतार हा सांधा पोटात घेतो आणि वरच्या घोट्याला झळ लागू देत नाही. तोच जखडला, की प्रत्येक वाकड्यातिकड्या पावलाचा ताण घोट्यावर आणि पुढच्या सांध्यांवर येतो. घोटा वारंवार मुरगळण्यामागे बहुधा हेच कारण असते.

हाडे जोडलेली का राहतात, तर गर्भावस्थेत पावलाची हाडे एकाच सलग ऊतीतून घडतात आणि पुढे त्या ऊतीत फटी पडून सांधे तयार होतात. एखाद्या ठिकाणी ही फट पडायची राहून गेली, की दोन हाडांमध्ये पूल उरतो. यात गरोदरपणातल्या आहाराचा, लहानपणी घातलेल्या बुटांचा किंवा एखाद्या पडण्या-झडण्याचा काहीही संबंध नसतो. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण निदान झाल्यावर अनेक आया स्वतःला दोष देत बसतात. पुष्कळ घराण्यांत हा दोष आनुवंशिक असतो, आणि आईवडिलांपैकी एकाकडूनही तो मुलाकडे येऊ शकतो. क्वचित तो इतर जन्मजात व्यंगांच्या जोडीने आढळतो, आणि अगदी क्वचित मोठेपणी संधिवात, जंतुसंसर्ग किंवा अस्थिभंग यांच्यामुळेही हाडे जुळतात. पण या लेखाचा विषय नेहमीचा जन्मजात प्रकार हा आहे.

हा पूल तंतुमय असू शकतो, कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचीक अशा ऊतीचा) असू शकतो किंवा पक्क्या हाडाचा असू शकतो. दोन जागा प्रमुख आहेत. एक, कॅल्केनियसचे पुढचे टोक आणि नॅव्हिक्युलर यांच्यामधला जोड. दुसरी, टॅलस आणि कॅल्केनियस यांच्यामधला, बहुतेक वेळा सबटॅलर सांध्याच्या मधल्या पृष्ठभागावरचा जोड. साधारण दहापैकी नऊ रुग्णांत या दोहोंपैकीच एक सापडतो. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या दोन्ही पावलांत हा दोष असतो, जरी दुखत एकच पाऊल असले तरी.

हा विकार किती जणांना असतो, याचे जुने उत्तर शंभरात एक असे होते. पुढे शवविच्छेदनात आणि एमआरआयमध्ये काळजीपूर्वक शोध घेतल्यावर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर निघालेले अभ्यासही आहेत. याचा अर्थ असा, की असा जोड असलेली बहुतांश माणसे आयुष्यभर काहीही न होता चालतात, धावतात आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये जोड दिसला आणि पाऊल दुखत नसेल, तर त्याला हात लावण्याचे कारण नसते. उपचार करायचा तो दुखण्यावर आणि अडलेल्या हालचालीवर. चित्रात दिसलेल्या पुलावर नव्हे.

मग जन्मापासूनचा दोष दहा-पंधरा वर्षांनीच का दुखायला लागतो? लहान वयात हा पूल मऊ असतो, त्यामुळे थोडीफार हालचाल त्यातून निभावते. वयाबरोबर त्याचे हाड होऊ लागते. कॅल्केनियस आणि नॅव्हिक्युलर यांच्यामधल्या जोडात हे साधारण ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान घडते, तर टॅलस आणि कॅल्केनियस यांच्यामधल्या जोडात १२ ते १६ वर्षांच्या सुमारास. नेमक्या याच वयात मुलाचे वजन वाढते आणि खेळणे जोरात असते. अर्धवट कडक झालेल्या पुलावर वारंवार ताण पडून त्यात सूक्ष्म भेगा पडतात व दुखू लागते. काही मुलांत नडगीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू ताठरतात, पाऊल बाहेरच्या बाजूला ओढले जाते आणि कमान सपाट होते. हे चित्र डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होते, पण त्याचे खापर स्नायूंवर फोडले जाई. १९२१ मध्ये स्लोमन यांनी तिरप्या एक्स-रेमध्ये कॅल्केनियस व नॅव्हिक्युलर यांच्यामधला जोड दाखवला, आणि १९४८ मध्ये हॅरिस व बीथ यांनी टॅलस व कॅल्केनियस यांच्यामधल्या जोडाचा या ताठर सपाट पावलाशी असलेला संबंध मांडला. तेव्हापासून लक्ष स्नायूंवरून हाडांकडे वळले.

तपासणीतली एक गोष्ट घरच्यांनाही सहज पाहता येते. मुलाला अनवाणी, पाठमोरे उभे करावे आणि टाचा उचलून चवड्यांवर उभे राहायला सांगावे. नेहमीच्या सपाट पावलात, जे लवचीक असते आणि बहुतेक मुलांत निरुपद्रवी असते, चवड्यांवर उभे राहताच कमान उठून दिसते आणि बाहेर झुकलेली टाच आतल्या बाजूला वळते. जोडलेल्या हाडांच्या पावलात टाच जिथल्या तिथे राहते. ती वळतच नाही. याला जोडून डॉक्टर टाच हातात धरून आत-बाहेर हलवून पाहतात आणि दुसऱ्या पायाशी तुलना करतात. पण दोन्ही पायांत दोष असेल तर ही तुलना फसवी ठरू शकते. कॅल्केनियस व नॅव्हिक्युलर यांच्यामधल्या जोडात सबटॅलर सांधा बऱ्यापैकी हलतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. तिथे ही परीक्षा नेहमीच तितकी स्पष्ट उतरत नाही.

समोरून आणि बाजूने काढलेल्या नेहमीच्या एक्स-रेमध्ये जोड निसटण्याची शक्यता बरीच असते. पहिल्या जोडासाठी पावलाचा ४५ अंशांचा तिरपा एक्स-रे लागतो. बाजूच्या एक्स-रेमध्ये कॅल्केनियसचे पुढचे टोक लांबट, मुंगीखाऊ प्राण्याच्या नाकासारखे दिसते, आणि ते चिन्ह त्याच नावाने ओळखले जाते. दुसऱ्या जोडात बाजूच्या एक्स-रेवर इंग्रजी सी अक्षरासारखी सलग रेषा दिसू शकते. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर मात्र सीटी स्कॅन जवळपास अनिवार्य असतो, कारण जोडाचा नेमका विस्तार, त्याची दिशा आणि शेजारच्या सांध्यांची अवस्था त्यातच नीट कळते. शिवाय एकाच पावलात दोन जोड असणे अशक्य नसते, आणि एक काढून दुसरा राहून गेला तर दुखणे तसेच राहते. जोड तंतुमय किंवा कूर्चेचा असल्याची शंका असेल तर एमआरआय अधिक उपयोगी पडतो.

निदान झाले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया असे नसते. खेळ काही काळ थांबवणे, सूज आणि वेदना कमी करणारी औषधे, बुटात आधार देणारे इनसोल हे पहिले उपाय असतात. त्याने भागले नाही तर गुडघ्याखाली प्लास्टर किंवा वॉकर बूट ४ ते ६ आठवडे ठेवतात. या विश्रांतीने काही मुलांचे दुखणे खरोखर थांबते आणि पुन्हा उद्भवतही नाही, म्हणून हा टप्पा घाईने ओलांडू नये असे मला वाटते. त्याच वेळी हेही खरे, की वर्षभर इनसोल बदलत राहणे आणि मुलाला खेळापासून दूर ठेवत राहणे हा काही उपचार नव्हे. महिनोन्महिने नीट उपाय करूनही पाऊल दुखत असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवण्यात फायदा नसतो. तोवर शेजारच्या सांध्यांवर ताण पडतच असतो.

शस्त्रक्रियेचे मुख्यतः तीन मार्ग आहेत: जोड काढून टाकणे, पावलाची ठेवण सुधारणे, आणि सांधा कायमचा जुळवून टाकणे. कॅल्केनियस आणि नॅव्हिक्युलर यांच्यामधला जोड काढणे हा त्यातला सर्वांत भरवशाचा भाग. बॅजली यांनी १९२७ मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. पूर्ण भूल दिली जाते, मांडीला दाबपट्टा बांधून रक्तप्रवाह काही काळ थांबवला जातो आणि घोट्याच्या पुढे, पावलाच्या बाहेरच्या बाजूला तिरपा छेद घेतला जातो. इथे त्वचेखालून बोटांकडे जाणाऱ्या संवेदनेच्या बारीक नसा असतात. त्या जपाव्या लागतात, कारण त्या दुखावल्या तर पावलाच्या पाठीवर बधिरपणा किंवा झिणझिण्या मागे राहतात. त्याखाली बोटे उचलणारा आखूड स्नायू असतो. तो त्याच्या मुळापासून सोडवून पुढे उलटवला, की खाली हाडाचा पूल दिसतो.

हा पूल कसा कापायचा, यात सर्जनचे कौशल्य दिसते. वरून रुंद आणि खाली निमुळती अशी पाचर काढणे सोपे असते, पण त्यात तळाकडचा भाग शिल्लक राहतो आणि तिथून हाड पुन्हा जुळते. म्हणून वरून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, साधारण एक सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा काढावा लागतो. छिन्नीची दिशा किंचित जरी चुकली, तरी शेजारी असलेल्या टॅलसच्या डोक्यावरची गुळगुळीत कूर्चा कापली जाण्याचा धोका असतो. ठोकळा निघाला की पाऊल आत-बाहेर हलवून पाहतात. आधी न होणारी हालचाल त्याच टेबलावर हाताला जाणवते. एक्स-रे यंत्रावर फट तळापर्यंत मोकळी झाल्याची खात्री करून घेतात.

फट रिकामी ठेवली तर तिथे रक्त साकळते आणि त्यातून नवे हाड तयार होऊ शकते. म्हणून कापलेल्या पृष्ठभागांवर बोन वॅक्स, म्हणजे हाडातून येणारे रक्त थांबवणारे मेण, लावतात आणि फटीत काहीतरी मऊ भरतात. कॉवेल यांनी १९७० मध्ये तोच बोटांचा आखूड स्नायू आत ओढून भरण्याची पद्धत मांडली आणि ती खूप रूढ झाली. पुढे असे लक्षात आले, की हा स्नायू फटीच्या पूर्ण खोलीपर्यंत पोहोचत नाही, तळाचा भाग रिकामाच राहतो, आणि तो मूळ जागेवरून हलवल्याने पावलाच्या बाहेरच्या बाजूला खळगा पडून बुटाला हाड टेकू लागते. त्यामुळे आज अनेक सर्जन रुग्णाच्याच शरीरातून घेतलेली चरबी भरतात आणि स्नायू पुन्हा जागच्या जागी शिवतात. मला ही पद्धत अधिक सयुक्तिक वाटते, तरी दोन्ही पद्धतींनी चांगले झालेले रुग्ण पुष्कळ आहेत.

टॅलस आणि कॅल्केनियस यांच्यामधला जोड अधिक अवघड. तो पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या खाली खोलवर असतो आणि त्याच्या अंगावरूनच बोटांकडे जाणारे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर), रक्तवाहिनी आणि तळव्याची मुख्य नस जाते. छेद आतल्या बाजूने घेऊन हे सगळे अलगद बाजूला करावे लागते. इथे पुलाच्या कडा स्पष्ट नसतात, हाडात हाड मिसळलेले असते. म्हणून सर्जन आधी जोडाच्या पुढचा आणि मागचा निरोगी सांधा शोधतो आणि मग त्या दोन खुणांच्या मधले हाड थराथराने, बहुधा बारीक ड्रिलने, घासत जातो. पांढरी, चकचकीत कूर्चा सगळीकडून दिसू लागली की जोड पूर्ण निघाला असे समजतात. या पोकळीतही चरबी भरतात, किंवा अंगठा वाकवणाऱ्या टेंडनचा एक पदर वापरतात.

हा जोड काढून फायदा होईल की नाही, हे आधी तीन गोष्टींवरून तोलतात: जोड किती मोठा आहे, टाच किती बाहेर झुकली आहे, आणि मागचा सांधा शाबूत आहे का. १९९४ मध्ये वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी असे नोंदवले, की जोडाचे क्षेत्रफळ सबटॅलर सांध्याच्या मागच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून अधिक असेल, टाच १६ अंशांपेक्षा जास्त बाहेर झुकलेली असेल आणि सांधा झिजू लागला असेल, तर नुसता जोड काढण्याचे परिणाम चांगले येत नाहीत. नंतरच्या काहींनी मर्यादा थोड्या वेगळ्या धरल्या. मोठ्या जोडातही चांगला परिणाम मिळाल्याचे काहींनी दाखवले. हे आकडे मार्गदर्शक आहेत, कायदा नाही. एवढे मात्र निश्चित, की टाच खूप झुकलेली असताना फक्त पूल काढला, तर पाऊल सरळ होत नाही. उलट मोकळा झालेला सांधा आणखी बाहेर कलू शकतो, आणि मग जोडाचे दुखणे जाऊन सपाट पावलाचे दुखणे सुरू होते.

दुसरा मार्ग लागतो तो इथे. टाचेचे हाड कापून आतल्या बाजूला सरकवणे, किंवा त्याच्या पुढच्या भागात छेद देऊन मध्ये हाडाची पाचर बसवून ते लांबवणे, अशा शस्त्रक्रियांनी कमान आणि टाचेची ठेवण सुधारता येते. टाचेचे हाड लांबवण्याची कल्पना इव्हान्स यांनी १९७५ मध्ये सविस्तर मांडली होती आणि पुढे मोस्का यांनी ती जोडलेल्या हाडांच्या पावलांतही वापरली. काही रुग्णांत जोड इतका मोठा असतो, की तो काढण्यात अर्थ नसतो. तिथे जोड तसाच ठेवून केवळ ठेवण सुधारली तरी दुखणे कमी होते. पोटरीचा स्नायू आखडलेला असेल तर तोही त्याच वेळी सैल करतात.

तिसरा मार्ग, सांधा जुळवून टाकणे, ऐकायला विपरीत वाटतो: हाडे जोडलेली आहेत म्हणून दुखते, आणि उपाय म्हणून ती आणखी पक्की जोडायची! पण अर्धवट हलणारा झिजलेला सांधा दुखतो आणि पूर्ण जुळलेला सांधा दुखत नाही, हे इथले तत्त्व आहे. उरलेली कूर्चा काढून टाकतात, टाच योग्य कोनात आणून स्क्रूंनी पक्की करतात आणि हाडे जुळायला सोडतात. नुकसान सबटॅलर सांध्यापुरते असेल तर तोच जुळवतात. शेजारचे दोन सांधेही झिजले असतील तर तिन्ही एकत्र. प्रौढ वयात निदान झालेल्यांना आणि आधीची शस्त्रक्रिया निष्फळ ठरलेल्यांना हा मार्ग सुचवला जातो. त्याची किंमत अशी, की पाऊल आत-बाहेर कलणे कायमचे थांबते आणि पुढच्या अनेक वर्षांत घोट्याच्या सांध्यावर झीज वाढण्याची शक्यता राहते. वाढत्या वयाच्या मुलात हा पर्याय शेवटचाच असावा.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ पद्धतीप्रमाणे बदलतो. पहिल्या जोडानंतर साधारण २ ते ३ आठवडे पाय प्लास्टरमध्ये ठेवतात, कुबड्यांवर चालायला सांगतात, आणि मग लवकरच टाच आत-बाहेर हलवण्याचे व्यायाम सुरू होतात. हे व्यायाम टाळले तर मोकळी केलेली जागा पुन्हा घट्ट होते, म्हणून फिजिओथेरपी ही शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची धरावी. दुसऱ्या जोडानंतर पायावर वजन देणे काहीसे उशिरा सुरू होते, आणि हाड कापून ठेवण सुधारली असेल किंवा सांधा जुळवला असेल तर हाड भरून येईपर्यंत थांबावे लागते. खेळायला परतण्यासाठी काही महिने लागतात. जखमेच्या कडा न भरणे, जंतुसंसर्ग, नसेची इजा, हाड पुन्हा जुळून येणे आणि थोडे दुखणे शिल्लक राहणे हे संभाव्य धोके आहेत, आणि ते आधीच मोकळेपणाने विचारून घ्यावेत. शस्त्रक्रियेचे यश दुखणे थांबण्यात आणि बऱ्यापैकी हालचाल परत येण्यात मोजावे. सांधा अगदी जन्मतः निरोगी असल्यासारखा हलेल अशी अपेक्षा, विशेषतः दुसऱ्या प्रकारात, सहसा पुरी होत नाही.

दोन्ही पावलांत जोड असेल आणि दोन्ही दुखत असतील, तर बहुतेक सर्जन आधी जास्त दुखणारा पाय घेतात आणि तो वजन पेलू लागल्यावर दुसऱ्याकडे वळतात. दुसरे पाऊल दुखतच नसेल तर त्याला सोडून देतात. वाढ पूर्ण होईपर्यंत मधूनमधून तपासत राहणे एवढेच त्याचे काम असते. भावंडांपैकी कुणाचा घोटा सारखा मुरगळत असेल, तर त्यालाही अनवाणी चवड्यांवर उभे करून पाहावे आणि टाच वळत नसेल तर तिरपा एक्स-रे काढून घ्यावा.